वसंतात फुलणारी रानझाडे एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात कधी आणि कशी हलवावीत?

सोनचाफा | ३ मे

नमस्कार मंडळी. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आम्ही नऊ वर्षांपासून राहतो. शेजारच्या आजींनी त्यांच्या घरामागे, एका मोठ्या ओकच्या आणि दोन शुगर मेपलच्या सावलीत, जवळजवळ चाळीस वर्षे जपलेला रानफुलांचा वाफा आहे. आता त्यांनी घर विकले असून २० जूनला ताबा द्यायचा आहे. नव्या मालकांना नेमक्या त्याच जागी गॅरेज बांधायचे आहे आणि त्यासाठी जूनअखेर यंत्रे येणार आहेत. वाफ्यातले जे नेता येईल ते सगळे घेऊन जा, असे आजींनी आणि नव्या मालकांनीही मला मनापासून सांगितले आहे.

आज वाफ्यात काय आहे ते सांगते. व्हर्जिनिया ब्लूबेलची फुले संपत आली आहेत, पण पाने अजून हिरवीगार आहेत. पांढरे ट्रिलियम ऐन बहरात आहे आणि त्याची अकरा झाडे मी मोजली. ब्लडरूटची फुले एप्रिलच्या सुरुवातीलाच गळाली, आता त्याची तळहाताएवढी पाने आणि बारीक शेंगा दिसतात. डचमन्स ब्रीचेसची पाने पिवळी पडू लागली आहेत. ट्राउट लिलीची ठिपकेदार पाने शेकड्यांनी आहेत, फुले मात्र मोजकीच आली होती. याशिवाय वुडलँड फ्लॉक्स, फोमफ्लॉवर, जेकब्स लॅडर, वाइल्ड जिंजर ही झाडे आहेत आणि कडेला मेऍपलची दाट वस्ती आहे.

माझ्या घराच्या उत्तरेला दोन ओकखाली मोकळी जागा आहे. तिथली पाने मी तीन वर्षे उचलली नाहीत, त्यामुळे वरचा थर भुसभुशीत आणि काळा झाला आहे. वसंतात फुलणारी झाडे शरद ऋतूत हलवावीत, हा नियम मी सगळीकडे वाचला आहे, पण माझ्याकडे तेवढा अवधी नाही. सात आठवड्यांत कोणते झाड आधी काढावे, कोणते शेवटी काढावे आणि कोणत्या झाडाचा नाद सोडावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पानगळ | ४ मे

सोनचाफा, आज कुदळ हातात घेऊ नका, एवढे पहिल्यांदा सांगते. मी मॅसॅच्युसेट्समध्ये बावीस वर्षे या झाडांची लागवड करते आहे आणि माझी सर्वांत मोठी हानी घाईमुळे झाली आहे.

या झाडांचे वर्ष आपल्या नेहमीच्या बागेतल्या झाडांपेक्षा अगदी वेगळे असते. डोक्यावरच्या ओक-मेपलला पाने फुटण्यापूर्वी जे ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, त्यावर त्यांचा सगळा संसार चालतो. मार्चअखेरीपासून मेअखेरीपर्यंतच्या आठ-नऊ आठवड्यांत त्यांना फुलायचे असते, बी धरायचे असते आणि पुढचे दहा महिने पुरेल एवढा साठा कंदात भरून ठेवायचा असतो. म्हणून फुले गळाल्यानंतरचे हिरवे पान हे त्या झाडाचे सर्वांत महत्त्वाचे काम करत असते, आणि आपण नेमके त्याच वेळी ‘फुले झाली, आता हलवू या’ असे म्हणून त्याला उपटतो. ट्रिलियमसारख्या झाडात तर पुढच्या वर्षीची कळी आदल्या वर्षीच जमिनीखाली तयार होत असते. यंदाची पाने लवकर गेली, तर पुढच्या वर्षी फूल येत नाही.

तेव्हा तुमच्या यादीचे मी दोन भाग करते. फ्लॉक्स, फोमफ्लॉवर, जेकब्स लॅडर आणि वाइल्ड जिंजर ही झाडे उन्हाळाभर हिरवी राहतात, त्यांना तंतुमुळे किंवा वरवर पसरणारे कंद असतात आणि हलवल्यानंतर त्याच हंगामात नवी मुळे फुटतात. फुले ओसरली की फुलांचे देठ कापून, आभाळ भरून आलेल्या दिवशी, ती खुशाल हलवावीत आणि त्यानंतर पहिले सहा आठवडे माती कोरडी पडू देऊ नये. दुसऱ्या भागातली झाडे उन्हाळ्यात जमिनीवरून दिसेनाशी होतात. त्यांना त्यांच्या क्रमाने जाऊ द्यावे. डचमन्स ब्रीचेस आणि ट्राउट लिली मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ब्लूबेल जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. ब्लडरूट आणि ट्रिलियम तुमच्या मुदतीपर्यंत झोपणार नाहीत, त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

आज करायचे काम एकच. प्रत्येक झुपक्याशेजारी पट्टी रोवून तिच्यावर नाव लिहा, आणि ते शिसपेन्सिलीने लिहा. मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडून जाते, शिसपेन्सिलीचे अक्षर वर्षानुवर्षे टिकते. पाने गेल्यावर कोणता कंद कुठे आहे हे आठवणीवर सोडू नका.

कातळसडा | ५ मे

मी रत्नागिरीकडचा आहे आणि यातले एकही झाड मी पाहिलेले नाही, परंतु पानगळताईंचे म्हणणे वाचून सुरणाची आठवण झाली. आमच्याकडे सुरणाचे पान हिरवे असताना गड्डा कोणी काढत नाही. पान पिवळे होऊन देठ आडवा झाला की मगच खणतात, कारण तोवर गड्डा भरत असतो. रानातल्या शेवळाचेही तसेच आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी फूल वर येते, मग पावसाळाभर पान राहते आणि पाऊस सरल्यावर ते वाळून जाते. घराशेजारी लावायला शेवळाचा कंद आणायचा, तर तो त्यानंतरच आणावा, असे माझी आजी सांगत असे. तुमच्याकडे ऋतू वेगळा असला तरी हिशेब तोच दिसतो. हे बरोबर आहे का?

पानगळ | ५ मे

अगदी बरोबर आहे, आणि इतके नेमके उदाहरण मला सुचले नव्हते. आपल्याकडे झाडाला पाण्याची वाट पाहावी लागते आणि इथे उन्हाची, एवढाच फरक. सुरण आणि शेवळाच्या कुळातले एक झाड इथल्या जंगलातही असते, त्याला जॅक-इन-द-पल्पिट म्हणतात. त्याचा कंदही सुरणासारखाच खाजरा असतो, म्हणून तो हाताळताना हातमोजे घालावेत. तो शरद ऋतूत पान पडल्यावर हलवतात.

बीजांकुर | ६ मे

मी इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहते. इथली रीत काही बाबतींत उलट आहे, म्हणून तीही नोंदवते. स्नोड्रॉपचे कंद फुले संपल्यावर, पाने हिरवी असतानाच, काढून विभागण्याची इथे जुनी प्रथा आहे आणि बागांमधून तशीच हिरव्या पानांसह रोपे विकली जातात. याचे कारण असे, की स्नोड्रॉपचा कंद बारीक असतो आणि दुकानातल्या कोरड्या पिशवीत महिनोन्महिने पडून राहिला तर तो सुकून मरतो. हिरव्या पानांचे रोप त्या मानाने अधिक जगते. मात्र आपल्याच बागेत झोपलेला कंद काढून त्याच दिवशी पुन्हा लावायचा असेल, तर तेही उत्तम साधते. त्यामुळे पानगळताईंच्या नियमाला ही प्रथा छेद देते असे मला वाटत नाही. दोन्हींच्या मुळाशी कंद सुकू न देणे हेच आहे.

दुसरे असे, की इथल्या रानातल्या निळ्या ब्लूबेलला १९८१ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे आणि जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय ती उपटणे गुन्हा ठरते. तुमची व्हर्जिनिया ब्लूबेल हे निराळ्या कुळातले झाड आहे. नावसाधर्म्यामुळे इंग्लंडच्या ब्लूबेलबद्दलच्या सूचना तिला लावू नयेत. आमच्या ब्लूबेलला पांढरा कंद असतो, तुमच्या ब्लूबेलला गाजरासारखे मांसल मूळ असते.

रानवाट | ७ मे

सोनचाफा, तुमचा उत्साह मला समजतो आणि तो मला कमी करायचा नाही, पण एका धोक्याची सूचना दिल्याशिवाय राहवत नाही. मी उत्तर व्हर्जिनियात राहतो. चार वर्षांपूर्वी एका रोपविक्रीतून मी फ्लॉक्सच्या सहा कुंड्या आणल्या आणि मातीसकट वाफ्यात लावल्या. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पाचोळा बाजूला सारला, तेव्हा खालची माती कॉफीच्या चोथ्यासारखी कणीदार आणि सैल झालेली दिसली. खुरपे लावताच गांडुळे सापासारखी वळवळत उसळली. ती ‘जंपिंग वर्म’ म्हणून ओळखली जाणारी, जपान-कोरियाकडून आलेली गांडुळे होती. त्यांच्या गळ्याजवळचा पट्टा दुधाळ, गुळगुळीत आणि अंगाभोवती पूर्ण फिरलेला असतो, त्यावरून ती ओळखता येतात.

आपण लहानपणापासून गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणत आलो आहोत, त्यामुळे हे पटायला मला वेळ लागला. पण ही गांडुळे ज्या पाचोळ्याच्या थरात या रानझाडांची मुळे असतात तो थरच एका हंगामात खाऊन टाकतात. माझ्या वाफ्यातले वाइल्ड जिंजर मुळांना धरायला काही न उरल्यामुळे जमिनीवर सुटे पडले होते. मोठी गांडुळे थंडीत मरतात, पण त्यांची मोहरीच्या दाण्यापेक्षाही मोठी नसलेली अंडकोशिका मातीत हिवाळा काढते, आणि मातीच्या गोळ्यातून एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते. माझे आग्रहाचे सांगणे आहे, की प्रत्येक झाडाची माती पूर्ण काढून, मुळे धुऊनच ते तुमच्या अंगणात न्यावे.

पानगळ | ७ मे

रानवाट यांनी मांडलेला धोका खरा आहे आणि तो मी पहिल्याच उत्तरात सांगायला हवा होता. तरीही ‘प्रत्येक झाड’ या शब्दांशी मी सहमत नाही. फ्लॉक्स, फोमफ्लॉवर, जिंजर यांची मुळे धुतली तरी ती झाडे आठवडाभरात सावरतात. झोपलेल्या ब्लूबेलचे आणि डचमन्स ब्रीचेसचे कंद धुऊन घेण्यात काहीच नुकसान नाही. परंतु पूर्ण पानावर असलेल्या ट्रिलियमची मुळे जूनच्या उन्हात धुऊन उघडी केली, तर पान दोन दिवसांत मान टाकते, आणि त्या वर्षी त्याला दुसरे पान फुटत नाही. ट्रिलियमला वर्षातून एकदाच तीन पाने येतात. ती मोडली की त्या वर्षीचे अन्न संपले.

म्हणून आधी वाफा तपासा. तीन गोष्टी करा. पाचोळा सारून माती कणीदार झाली आहे का ते पाहा. मग एक गॅलन पाण्यात साधारण एक-तृतीयांश कप पिवळ्या मोहरीची पूड कालवून एक फूट लांब-रुंद जागेवर हळूहळू ओता. मोहरीच्या झणझणीमुळे गांडुळे पाच-दहा मिनिटांत वर येतात आणि झाडाला त्याचा त्रास होत नाही. मात्र मे महिन्यात पिल्ले दोऱ्याइतकी बारीक असतात, ती सहज नजरेतून सुटतात. म्हणून तिसरी गोष्ट अशी, की तपासणीत काही आढळले नाही तरी ट्रिलियम थेट जमिनीत लावू नका. मातीच्या गोळ्यासह मोठ्या कुंड्यांमध्ये घ्या आणि त्या कुंड्या सावलीतल्या फरशीवर उन्हाळाभर ठेवा. ऑगस्टअखेर गांडुळे पूर्ण वाढलेली असतात. तेव्हा कुंड्यांत मोहरीचे पाणी पुन्हा ओतून पाहा आणि निर्धोक ठरलेली झाडेच ऑक्टोबरमध्ये, पान गेल्यावर, जमिनीत लावा. त्यामुळे झाडालाही त्याचा नैसर्गिक लावणीचा काळ मिळेल.

रानवाट | ८ मे

ही योजना मला पूर्णपणे मान्य आहे. मुळे धुतलेले पाणी बागेत ओतू नये, एवढीच भर घालतो, कारण अंडकोशिका त्यातच असतात. धुऊन निघालेला गाळ मी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत पातळ पसरून भर उन्हात ठेवतो. आतले तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर तीन दिवस राहिले की त्या मरतात.

सोनचाफा | १२ मे

सर्वांचे मनापासून आभार. काल मोहरीचे पाणी पाच ठिकाणी ओतून पाहिले. ओकखालच्या मुख्य वाफ्यात दोन साधी, संथ गांडुळे वर आली, दुसरे काही दिसले नाही, आणि तिथली माती केकसारखी एकसंध आहे. मात्र गाडीरस्त्यालगतच्या पट्ट्यात, जिथे दर वर्षी विकतचा लाकडी भुसा टाकला जात होता, तिथे माती कणीदार आहे आणि दोऱ्यासारखी सात-आठ पिल्ले जोरात वळवळत बाहेर आली. त्या पट्ट्यातले मी काहीही आणणार नाही. तिथे फ्लॉक्सच जास्त होता, आणि तो रोपवाटिकेत सहज मिळतो.

मुख्य वाफ्यातला फोमफ्लॉवर, जेकब्स लॅडर आणि जिंजर मुळे तीन पाण्यांत धुऊन लावले आहेत. मेऍपल किती न्यावे?

पानगळ | १२ मे

मेऍपलचे तीन-चार तुकडे पुरेत आणि तेही बाकीच्या वाफ्यापासून दूर लावा, कारण जमिनीखालून लांब धावणाऱ्या कंदांनी ते नाजूक झाडांवर चालून जाते. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला पुढच्या वर्षीचा जाड डोळा आहे याची खात्री करा. पाने उन्हाळ्यात लवकर पिवळी पडली तर काळजी करू नका.

ब्लडरूटच्या शेंगांवर मात्र आतापासून लक्ष ठेवा. मेअखेरीपासून त्या पिवळसर होऊन अचानक उकलतात. आतल्या तपकिरी बियांना पांढरा, मऊ तुरा असतो. तो मुंग्यांना प्रिय असतो, मुंग्या बी वारुळात नेतात, तुरा खातात आणि बी तिथेच टाकून देतात. या झाडांच्या वंशाचा प्रसार बराचसा असाच होतो, आणि ट्रिलियमचे बीही मुंग्याच नेतात. ब्लडरूटचे बी सुकू द्यायचे नसते. उकललेल्या दिवशीच पाचोळ्याखाली अर्धा इंच खोल पेरावे.

सोनचाफा | २४ मे

डचमन्स ब्रीचेसची पाने पूर्ण पिवळी होऊन लोळली, म्हणून काल तो झुपका काढला. जमिनीत जेमतेम दोन-तीन इंचांवर फिकट गुलाबी, कच्च्या डाळिंबाच्या दाण्यांसारख्या कंदांचे घोस होते. हात लावताच ते सुटे होऊन ओंजळीत आले. धुऊन, ओल्या कागदात गुंडाळून, तासाभरात लावले.

ट्राउट लिलीने मात्र मला चांगलेच शिकवले. पहिल्या खेपेस मी पानाच्या देठाशेजारी चार इंचांवर फावडे रोवले आणि देठ धाग्यासारखा तुटून हातात आला. कंद कुठे गेला ते कळलेच नाही. अशी सहा-सात झाडे गमावली. मग वाफ्याच्या कडेने एक फूट खोल चर खणला आणि त्या बाजूने माती थोडी थोडी ढासळत आत गेले. तेव्हा आठ-नऊ इंच खाली, लसणाच्या कुडीच्या आकाराचे पांढरे कंद सापडले. इतक्या लहान झाडाचा कंद इतका खोल असेल, असे मला वाटले नव्हते.

पानगळ | २४ मे

ट्राउट लिलीचा कंद वर्षागणिक स्वतःला खोल ओढत नेतो. एकपानी झाडे ही लहान वयाची असतात, दोन पाने आल्याशिवाय त्यांना फूल येत नाही, आणि त्याला बीपासून चार ते सात वर्षे लागू शकतात. तुम्हाला मोजकीच फुले दिसली त्याचे कारण हेच. नव्या जागी पाच-सहा इंच खोल लावा, पुढचे ते पाहून घेतात.

कुंपणवेल | २ जून

मी न्यू जर्सीतून हा धागा मूकपणे वाचत होते. माझ्याकडे असा जुना वाफा देणारे कोणी नाही. जवळच्या जंगलात ट्रिलियम भरपूर आहे, त्यातले एक-दोन आणले तर चालेल का?

रानवाट | २ जून

कृपया आणू नका. बहुतेक उद्यानांमध्ये त्याला कायद्याने बंदी आहेच, शिवाय ट्रिलियमला बीपासून पहिले फूल यायला सात वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आधीच हरणे ट्रिलियम वेचून खातात. तुम्ही आणलेल्या दोन झाडांची जागा त्या जंगलात एका दशकात भरून येत नाही. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने १९३७ मध्ये हेच पांढरे ट्रिलियम आपले मानचिन्ह म्हणून स्वीकारले, इतके ते लोकांच्या मनात आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होपजवळ १९३४ मध्ये स्थापन झालेले बोमन्स हिल वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्ह तुमच्यापासून फार लांब नसावे. एप्रिलमध्ये तिथे ही झाडे त्यांच्या खऱ्या वस्तीत पाहता येतात आणि स्थानिक झाडांची रोपेही विकत मिळतात. कुठूनही विकत घेताना, रोप रोपवाटिकेत बीपासून किंवा विभागणीने तयार केलेले आहे का, असे स्पष्ट विचारा. ‘रोपवाटिकेत वाढवलेले’ एवढ्या उत्तरावर थांबू नका, कारण जंगलातून उपटून वर्षभर कुंडीत ठेवलेल्या झाडालाही तसेच म्हटले जाते. ट्रिलियमची किंमत फार कमी असेल तर शंका घ्यावी, कारण सात वर्षे सांभाळलेले झाड स्वस्त असूच शकत नाही.

सोनचाफा | ११ जून

ब्लूबेल आणि ट्रिलियम दोन्ही काढून झाले. ब्लूबेलची पाने मऊ पिवळी होऊन जमिनीवर पसरली होती, पट्ट्या नसत्या तर अर्धे झुपके सापडलेच नसते. मुळे काळपट सालीची, वेडीवाकडी, आतून पांढरी आणि खडूसारखी ठिसूळ आहेत. गार्डन फोर्क लांबून घालून सगळा गोळा उचलला, तरी तीन मुळे मोडलीच. वर डोळा असलेले मोडके तुकडेही लावले आहेत. डोके जमिनीखाली दीड-दोन इंच राहील अशा बेताने, फूटभर अंतरावर ठेवले.

ट्रिलियमसाठी ढगाळ दिवसाची वाट पाहत होते, तो काल मिळाला. आदल्या संध्याकाळी वाफ्याला भरपूर पाणी दिले आणि प्रत्येक झाडाभोवती सहा इंच अंतर ठेवून, एक फूट खोलीचा गोळा तागाच्या पोत्यावर सरकवून उचलला. एका झाडाची माती कडेने आपोआप सुटली, तेव्हा आतला कंद दिसला. तो आल्याच्या गाठीएवढा, तपकिरी आणि वलयावलयांचा होता, आणि पांढऱ्या, सुरकुतलेल्या जाड मुळ्या त्याला खाली खेचून धरून होत्या. आजी शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी तो हातात घेऊन वलये मोजली, अठरापर्यंत मोजता आली.

पानगळ | ११ जून

वर्षाला साधारण एक वलय येते आणि मागचे टोक हळूहळू कुजत जाते, त्यामुळे झाडाचे खरे वय अठराहून अधिक असणार. कुंड्या वारा लागणार नाही अशा जागी ठेवा, पाणी मुळांशी द्या आणि खत अजिबात घालू नका. बीजकोश धरला असेल तर तो तेवढा खुडा, म्हणजे झाडाची शक्ती कंदाकडे जाईल. पानांना मात्र हात लावू नका.

ब्लडरूटचे काय केलेत?

सोनचाफा | १२ जून

ब्लडरूटचे कंद अगदी वरच, इंचभर मातीखाली आडवे पसरलेले आहेत. म्हणून ट्रेच्या आकाराचे सपाट थर कापून तेही कुंड्यांतच घेतले. एक कंद फावड्याने चिरला गेला, त्यातून इतका लालभडक रस आला, की माझा हातमोजा अजून रंगलेला आहे. बीही पेरले.

रानवाट | १२ जून

तो रस त्वचेला दाह करतो, मोजे होते हे बरे झाले.

सोनचाफा | ६ ऑक्टोबर

ऑगस्टअखेर सर्व कुंड्यांत मोहरीचे पाणी ओतले, एकाही कुंडीत जंपिंग वर्म निघाले नाही. ट्रिलियमची पाने ऑगस्टच्या मध्यावर आणि ब्लडरूटची सप्टेंबरमध्ये गेली. आता जमिनीत लावायचे आहेत. ओकची मुळे जागोजागी लागत आहेत, ती कापावीत का?

पानगळ | ६ ऑक्टोबर

अंगठ्याएवढ्या जाडीचे मूळ कापू नका, खड्डाच बाजूला सरकवा. वाफा सरसकट खणून काढू नका आणि ओकच्या बुंध्याशी मातीचा भरावही घालू नका, त्याने ओकची मुळे गुदमरतात. दोन मुळांच्या मधले कप्पे शोधा. जंगलातही ही झाडे अशाच कप्प्यांत वाढतात. ट्रिलियमचा कंद तीन-चार इंच खोल, डोळा वर किंवा किंचित तिरपा ठेवून लावा. ब्लडरूट आडवे ठेवून वर इंचभर माती पुरे. कुंडीतला गोळा फुटू न देता बसवा, कारण नव्या मुळ्या गेल्या काही आठवड्यांत फुटू लागलेल्या असतील.

तुमच्याकडे जमीन डिसेंबरमध्ये गोठते, म्हणजे मुळे धरायला सहा आठवड्यांहून अधिक वेळ मिळतो आणि तो पुरेसा आहे. पहिल्या हिवाळ्यात थंडीपेक्षा जमिनीच्या गोठण्या-वितळण्याचा धोका मोठा असतो. फेब्रुवारीत दिवसा माती सैल होते, रात्री पुन्हा गोठून फुगते आणि नवे कंद वर ढकलले जातात. म्हणून जमीन गोठल्यावर दोन-तीन इंच पाचोळा पसरा. मेपलची पाने अख्खी घातली तर ती ओली होऊन चिकटतात आणि त्यांचा पापुद्रा बनतो, तेव्हा गवत कापायच्या यंत्राखाली चिरून घ्या. चिपमंक (खारीसारखे लहान प्राणी) उकरत असतील तर पाचोळ्याखाली तारेची जाळी अंथरा आणि कोंब दिसण्याआधी, मार्चच्या सुरुवातीला, ती काढा.

सोनचाफा | १८ एप्रिल

हिवाळा संपला, म्हणून हकीगत लिहिते आहे. १७ मार्चला ब्लूबेलचे जांभळट कोंब वर आले आणि लावलेल्या चौदापैकी तेरा मुळे जगली आहेत. त्यांतल्या पाचांना आज फुले आहेत, आणि डोळा असलेल्या मोडक्या तुकड्यांपैकी दोन वाढले आहेत. डचमन्स ब्रीचेसला पाने भरपूर आली, फुलांचा एकच दांडा आहे. ट्राउट लिली सगळी एकपानी आहे. ब्लडरूटची नऊ फुले मार्चअखेर उमलली आणि त्याच आठवड्यातल्या पावसात गळाली, पण मी ती पाहिली.

ट्रिलियमची अकरापैकी दहा झाडे वर आली. तीन झाडांवर कळ्या आहेत, सातांना नुसतीच तीन-तीन पाने आहेत. मातीचा गोळा सुटलेले ते अठरा वलयांचे झाड मात्र अजून दिसत नाही. तिथे हलकेच उकरून पाहावे का?

पानगळ | १९ एप्रिल

उकरू नका. दुखावलेले ट्रिलियम कधी कधी पूर्ण वर्षभर जमिनीखाली राहते आणि त्याच्या पुढच्या वसंतात वर येते, माझ्याकडे असे दोनदा झाले आहे. उकरताना डोळा मोडला तर ती शक्यताही संपेल. त्या जागी पाय पडू देऊ नका आणि उन्हाळ्यात बाकीच्यांबरोबर तिलाही पाणी द्या.

सोनचाफा | १९ एप्रिल

ठीक आहे, उकरणार नाही. आजी मुलीकडे राहतात, तिथून त्यांनी कालच फोनवर त्याच झाडाची चौकशी केली. पट्टी जागेवर ठेवली आहे, आणि तिच्यावरचे शिसपेन्सिलीचे अक्षर अजून स्पष्ट वाचता येते.